वाट आहे, पण कुठे?

जवळ सरका, मंडळी. बुवांचा तबला लागतोय, तोवर माझ्या भाचीची गोष्ट ऐका.

विभावरी कॉलेजात गणित शिकवायची. यंदा ते सोडून ब्लॉकचेनच्या, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या नाण्यांच्या, सुरक्षेत गेली. लोकांचे पैसे ठेवणारा प्रोग्रॅम सुरू होण्याआधी त्यात चोराला वाट आहे का, ते शोधायचं काम. पहिल्याच प्रोग्रॅमवर तिनं सिद्धता लिहून दिली: वाट नाही असं मानलं, तर आकडेमोडच खोटी ठरते, म्हणजे वाट आहेच. गणितात एवढं पुरतं.

कंपनीच्या साहेबांनी कागद परत सरकवला. "कुठे आहे वाट?"

"ते ठाऊक नाही. पण आहे."

"मॅडम, हा वर्ग नाही. चाचणीच्या खोट्या नाण्यांवर चोरी करून दाखवा, तरच थांबू. उद्या सुरू करतोय."

"घरात साप शिरलाय म्हटल्यावर माणसं बाहेर पळतात, सर. आधी शेपूट दाखव म्हणत नाहीत!"

"इथे म्हणतात."

संध्याकाळी माझ्याकडे आली, पण ताट वाढलं तरी जेवेना. "मावशी, मुलांना मीच शिकवायचे, 'आहे' एवढं कळलं की झालं, हुडकणं कारकुनांचं काम. आता दिवसभर हुडकतेय आणि मलाच सापडत नाही गं!"

दुसऱ्या दिवशी प्रोग्रॅम सुरू झाला आणि दुपारपर्यंत चोरांनी तो रिकामा केला. साहेबांचा फोन आला, "मॅडम, तुमचं बरोबर निघालं."

पोर सुखावली नाही. "वाट कुठे होती?" एवढंच तिनं विचारलं.

आज देवापुढे हात जोडाल, तेव्हा ज्यांचे पैसे बुडाले त्यांची आठवण ठेवा. आणि तिचीही.