हलका हात

सिंदीच्या आमच्या शाळेत कारकुनाच्या जागेसाठी मुलाखती सुरू होत्या. वडनेरहून आलेल्या रक्षाला मी, हेडक्लार्कनं, टाइपरायटरवर एक अर्ज टाइप करायला दिला. तिची बोटं सरसर फिरली; कागदावर मात्र अक्षरं जेमतेम उमटली. "हिले काई येत नाई. पुढच्याले बोलवा," संस्थेचे अध्यक्ष म्हणाले. त्यांनी कागद पाहिला होता, मी बोटं. एकही चुकलं नव्हतं. "बेटा, कोणत्या मशीनवर शिकली?" मी विचारलं. तिनं मान खाली घालून पिशवीतून एक पुठ्ठा काढला. त्यावर पेनानं टाइपरायटरची सगळी बटणं आखलेली होती. पुसली तशी पुन्हा पुन्हा गिरवलेली. "मशीन नाई मिळाली, सर. याच्यावरच शिकली. जोरात मारलं का हा फाटते..." अध्यक्षांनी पुढचं नाव पुकारलं नाही. मी मशीनवर नवा कोरा कागद चढवला. "हे लोखंड आहे, बेटा. फाटत नाई. आता मार जोरात."