सुंदराबाईचा हात

"नाना, हे तेल माझ्या क्रीममध्ये जाणार नाही," अनुपमा म्हणाली.

नानांनी नव्या पिंपावर हात टेकला. मरोळच्या त्या शेडमध्ये मालक ते एकटे आणि केमिस्ट ती एकटी. भांडून भांडून दोघेही थकले होते.

"लिक्विड पॅराफिन आहे गं ते. टीव्हीवर जाहिराती येतात त्या क्रीममध्येसुद्धा हेच असतं."

"जमिनीतनं काढलेलं तेल ते. आपलं लॅनोलिन मेंढीच्या लोकरीतलं. त्यानं आजवर कोणाचं वाईट झालंय?"

स्वतःच्या लेकीलाही ती हेच लॅनोलिनचं क्रीम लावायची. चार वर्षांच्या राधाची कोपरं आणि गुडघे खाजवून खाजवून सोलून निघत. अनुपमा घाटकोपरला घरी पोचली की आधी क्रीमचा थर देई. चट्टे वाढले की थर वाढवी. औषधं झाली, पथ्यं झाली. दिवाळीत देवगडला आजी नुसतं खोबरेल चोळायची, तर पोरीची कातडी लोण्यासारखी झाली. परतल्यावर पुन्हा येरे माझ्या मागल्या. अनुपमानं मुंबईच्या पाण्याला शिव्या घातल्या आणि आंघोळीचं पाणीही उकळून घ्यायला लागली. पोरीचं रडणं ऐकून तिचा जीव विटून गेला होता.

शेडमधली रीत जुनी होती. नवा माल आला की तो सुंदराबाईच्या हाताला लावायचा, वर चिकटपट्टी मारायची. पॅकिंगवरच्या सुंदराबाईची कातडी भारी नाजूक. वाईट माल तिला लगेच कळे. जुन्या क्रीमची परीक्षा मात्र कोणी घेतली नव्हती. घरच्या माणसावर कोण संशय घेतं?

या वेळी अनुपमा हट्टाला पेटली. "दोन्ही लावू. नानांना फरक दिसू दे." तिनं स्वतः सुंदराबाईच्या डाव्या हाताला नव्या तेलाचं क्रीम लावलं, उजव्याला लॅनोलिनचं.

दोन दिवसांनी सुंदराबाई वैतागून टेबलापाशी आली. "बाई, लई आग व्हतीय. काढा आता पट्टी."

"बघा, नाना!" कितीतरी दिवसांनी अनुपमाच्या आवाजात जोर आला. "हे माझ्या पोरीला लागलं असतं म्हणजे?"

नाना ओशाळले. "हरलो बाई. पिंप परत पाठवतो."

अनुपमानं सुंदराबाईचा डावा हात ओढून घेतला.

"ह्यो न्हाय वो," सुंदराबाई म्हणाली आणि तिनं उजवा हात पुढे केला.