पुढचं डावं चाक

पुढच्या डाव्या चाकाचा ड्रम बाहेर ओढला आणि मिस्त्रींनी सवयीने आतल्या बेअरिंगवरून बोट फिरवलं. काम खरं तर ब्रेकचं होतं. लायनर पार झिजले होते, ते बदलायचे आणि ट्रक सोडायचा, एवढंच. पण जळकं ग्रीस पुसलं तसे खालचे रोलर दिसले. तापून निळे पडलेले, काहींची तर साल निघालेली.

"जावईबापू, जरा इकडे बघता का?"

ट्रकचा ड्रायव्हर म्हणजे मिस्त्रींचा जावई. गॅरेजच्या दारात उकिडवा बसून तो बाटलीतलं पाणी डोळ्यांवर मारत होता. जागचा उठला नाही.

"मामा, नुसतं ब्रेकचं बघा."

"बेअरिंग गेलंय."

"इथवर आलो ना त्याच्यावर? जाईल आणखी एक खेप. ग्रीस भरा आणि बंद करा. उजेड आहे तोवर निघायचंय. मालकाने फोन करकरून डोकं उठवलंय."

दुसरा कोणी ड्रायव्हर असता तर मिस्त्रींनी त्याला चांगलं फैलावर घेतलं असतं. पण मुलगी ज्याच्या घरात नांदते त्याच्यावर आवाज चढवायचा कसा? तो आवाज फिरून तिच्यापर्यंतच पोचायचा. ते नवे लायनर बसवायला लागले.

खरं सांगायचं तर त्यांचंही अंग मोडून आलं होतं. सकाळपासून पाठ सरळ झाली नव्हती, उजवा खांदा ठणकत होता. बेअरिंग बदलायचं म्हणजे नुसतं काढा-घाला नव्हे. त्याची बाहेरची कडी ड्रमच्या मधल्या हबमध्ये घट्ट रुतलेली असते. ती ठोकून ठोकून बाहेर काढायची, मग नवी तशीच ठोकत आत बसवायची. ग्रीस भरून बंद केलं असतं तर तिसऱ्या कोणाला कळणारही नव्हतं.

लायनर झाले. मिस्त्री हबकडे बघत तसेच बसून राहिले.

"बंद करताय, की मी करू?" जावई आता मागे येऊन उभा होता.

मिस्त्रींनी अ‍ॅक्सलचा मोठा नट त्याच्यापुढे धरला.

"करा."

दोघांनी मिळून ड्रम उचलला आणि जागेवर सरकवला. जावयाने नट लावला, तो आट्यांवर चढेना. पुन्हा लावला. डोळे चोळून तिसऱ्यांदा लावला. नट निसटला आणि घरंगळत ट्रकखाली गेला.

तो काढायला जावई खाली बसला, आणि बसलाच.

"मामा," तो जमिनीकडे बघत म्हणाला, "परवा चालवताना डोळा लागला माझा. उघडला तेव्हा गाडी रस्त्यावरच होती. पण मधला पूल कधी गेला, ते काही आठवत नाही."

मिस्त्रींनी हातातला पाना खाली ठेवला.

"हिला सांगू नका," जावई म्हणाला.

"पोटात काही आहे का तुमच्या?"

"भूक नाही."

"मग आत जाऊन पडा."

"पाच मिनिटं पडतो फक्त."

"पडा. मी उठवतो."

तो मागच्या खोलीत गेला. मिस्त्रींनी ड्रम एकट्याने पुन्हा खाली ओढला. खांद्यातून कळ गेली, तेव्हा ते क्षणभर चाकाला टेकून उभे राहिले. मग त्यांनी छिन्नी लावली आणि हातोडा उचलला.

झोपमोड नको म्हणून आधी ते बेताने ठोकत होते. कडी ढिम्म हलेना. शेवटी घाव जोरात बसायला लागले, तशी पत्र्याची शेड घणघणली. शेजारचा पंक्चरवाला डोकावून गेला. खोलीतून मात्र हूं की चूं नाही. बऱ्याच वेळाने कडी खण्णकन फरशीवर पडली.

नवं बेअरिंग त्यांनी फळीवरच्या खोक्यातून काढलं. तळहातावर ग्रीस घेऊन ते रोलरच्या फटीफटीत दाबून भरलं. ड्रम चढवला, नट आवळला, ड्रम फिरवत फिरवत किंचित ढिला केला, पिन घातली. मग चाक चढवलं आणि हाताने गरकन फिरवलं. आवाज नाही, डगमग नाही. जॅक उतरवला आणि ट्रक चारी बाजूंनी सरळ उभा राहिला.

ट्रकच्या केबिनमध्ये जावयाचा फोन वाजत होता. मालकाचा.

"कुठे उलथलाय रे?"

"मी मिस्त्री बोलतोय."

"झाली का गाडी?"

मिस्त्रींनी कपाळावरचा घाम दंडाला पुसला. न झालेल्या कितीतरी गाड्या त्यांनी आजवर 'झालीच, हे काय, चाक लावतोय' म्हणून सांगितल्या होत्या. झालेली गाडी कधी नाही म्हणून सांगितली नव्हती.

"नाही झाली. बेअरिंग गेलंय, कुठे मिळेना. सकाळी बघू."

मालक बरंच काही बोलला. मिस्त्रींनी ते सगळं ऐकून घेतलं, आणि मग फोनच बंद करून टाकला.

हात धुऊन ते मागच्या खोलीत आले. जावई बुटांसकट पडला होता, तोंड उघडं, मान वाकडी. मिस्त्रींनी खाटेच्या टोकाला टेकून त्याचे बूट एकेक करून काढले. तेव्हा त्यांना दिसलं, की जावयाचा उजवा पाय झोपेत मधूनमधून पुढे रेटला जात होता. टाच टेकलेली, चवडा ब्रेक मारावा तसा खाली दाबत. थांबायचा, पुन्हा दाबायचा.

मिस्त्रींनी त्या चवड्याखाली आपला तळहात धरला. पाय त्याच्यावर जोरात दाबला गेला आणि तसाच राहिला. मिस्त्रींनी हात काढला नाही.