आत्याचा मान

खालच्या ओठाच्या डाव्या कडेला मोहरीएवढे तीन फोड. सकाळी तिथं नुसती चुणचुण होती. दुपारपर्यंत त्यांत पाणी धरलं होतं. छायानं आरसा पर्समध्ये टाकला आणि ओठांवर रुमाल धरला.

मखमलाबादला भावाच्या घरी बारसं होतं. मळ्यातल्या झेंडूनं पाळणा सजला होता. बारा दिवसांची मुलगी त्यात मुठी मिटून निजली होती.

"या आत्याबाई, कानात नाव सांगा," भाग्यश्री वहिनी म्हणाली. "पाठीत धपाटे घालायला बायका कधीच्या टपून बसल्यात."

छाया उंबऱ्याशीच थांबली.

"आता काय, साडी पसंत नाही पडली?" वहिनीनं चिडवलं.

बायका हसल्या. गोजराबाईनं लेकीचा रुमाल बाजूला केला. "उष्णतेचे फोड हायेत, त्यात काय एवढं! तूप लाव नि ये. आत्याचा मान हाय." मग सुनेकडे वळून म्हणाली, "आन् तू या खेपेला पोरीला जप. मागची लेक वाऱ्यात नेलीस नि घालवलीस."

भाग्यश्रीचं हसू विझलं. दोन वर्षं ती हे ऐकत आली होती. ती पाळण्याची दोरी सारखी करत राहिली.

ती लेक स्नेहा. तिच्या कानात नाव छायानंच सांगितलं होतं. एकविसाव्या दिवशी तिला ताप आला, मग झटके. मोठ्यांच्या ओठावर नुसते फोड आणणारा विषाणू तान्ह्या बाळाच्या मेंदूपर्यंत जातो, डॉक्टर म्हणाले होते. एक पापा घेतला तरी जातो. बारशाला कुणाच्या ओठावर फोड होते का, असं त्यांनी विचारलं, तेव्हा सगळे एकमेकांकडे बघत राहिले. छायाही. बारशाच्या फोटोंसाठी तिनं फोडावर लिपस्टिक लावली होती.

"अगं, ये ना," गोजराबाईनं तिचा हात ओढला.

छायानं हात सोडवून घेतला आणि ती एक पाऊल मागं सरकली.

"मी पाळण्याजवळ येणार नाही. स्नेहाच्याही बारशाला माझ्या ओठावर हेच होतं, आणि मी तिचा पापा घेतला होता. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा गप्प बसले." तिनं भाग्यश्रीकडे पाहिलं, मग आईकडे. "आई, स्नेहाला वहिनीनं नाही, मी घालवलं."