सलामीची माती

डॉक्टरांनी बजावलं होतं, "खुबे आखडलेत, म्हणून सगळा भार कंबरेवर येतोय. सहा महिने कुस्ती बंद." वस्तादांचा नियम सोपा: कंबर धरलेला पैलवान दिसला की त्याची वळकटी तालमीबाहेर. म्हणून दुखणं लपवून मी खासबाग मैदानात कुस्तीला उतरलो. सलामीआधी आम्ही दोघं माती उचलायला वाकलो. मूठ भरली आणि कंबर अडकली. समोरचा श्रीशैलही उठेना. पब्लिकला ती मातीवरची श्रद्धा वाटली, टाळ्या पडल्या. "पावणं, उठा की," मी पुटपुटलो. "तुम्ही आधी," तो म्हणाला आणि त्यानंच हळूच विचारलं, "राजारामपुरीतले डॉक्टर?" "व्हय. सहा महिने." "मला आठ." टाळ्या थांबल्या. वस्ताद तरातरा आखाड्यात आले, माझ्या कानाशी वाकले. वळकटी डोळ्यांपुढं आली. तेवढ्यात कुणाची तरी कंबर कडकन वाजली. माझी नव्हती. वस्तादांनीही तसंच वाकलेलं राहून सावकाश मूठभर माती उचलली आणि विचारलं, "डॉक्टर रविवारी असतो का रं?"