हिसकावलेला भात

"आई, तिकडे ब्रह्मदेशात बंडखोरांना आपणहून भात दिला म्हणालीस, तर अमेरिकावाले तुला अतिरेक्यांची साथीदार ठरवतील. नातवंडं विमानात बसतील अन् तू इथेच, थायलंडच्या छावणीत. बंदूक रोखून हिसकावला म्हण," लेकीने बजावलं.

"आपल्या करेन जमातीत बाईच्या दारातून कुणी उपाशी जातं का गं? तोंड झडेल माझं!" नॉ पॉ म्यू कडाडली, पण नातवंडांकडे बघून उठली.

मुलाखतीत अमेरिकन साहेबाने विचारलं, "भात कुणी नेला?"

"आला एक मेला. बंदूक रोखली, भात ओरबाडला."

"ओळखीचा?"

"लुटारूंना कोण ओळखतं?"

अमेरिकेला जायची परवानगी मिळाली. लेक गळ्यात पडली. "काय सांगितलंस गं?"

म्हातारीने मान वर केली नाही. "तुझ्या भावाला मी लुटारू म्हणाले. शेवटचा घास मीच भरवला होता त्याला."