गाडी लावा, नाव सांगू नका

"कार्ड नको, मोबाईल नंबर नको. मग गाडी कोणी लावली ते कळणार कसं, काका?" विनिताने तिसऱ्यांदा विचारलं.

"कळायलाच नको," तुळशीराम म्हणाला.

विनिता पडघ्याची. रिक्षा चार्ज करायची मशीनं बसवत दिवसभर हिंडायची. अंजूरला पोचेपर्यंत ती पार आंबून गेली होती. बाकीचे लोक मशीनला कुलूप मागतात आणि हा म्हातारा कुलूप काढून मागत होता.

"कोणीही येईल."

"येऊ दे."

वाद घालायचं त्राण तिच्यात नव्हतं. तिने मशीनमधली ओळख विचारायची सोय बंद केली. तपासणीचा प्लग लावला, तसा हिरवा दिवा निळा झाला. "हिरवा म्हणजे मशीन तयार. गाडी करंट ओढायला लागली की निळा," तिने समजावलं आणि ती गेली.

दुसऱ्या दिवशी तुळशीरामने वाटेच्या तोंडाशी पत्रा ठोकला. त्यावर रंगवून घेतलं होतं : गाडी लावा. नाव सांगू नका.

गावातलं कोणी तिकडे फिरकलं नाही. कोणासाठी ते गावाला न सांगताच कळलं होतं.

बारा वर्षांपूर्वी त्याच्या पोरीने, हेमालीने, कामतघरच्या एका लूम कामगाराशी लग्न केलं. तुळशीरामने गावदेवीसमोर, चार लोकांदेखत शपथ घेतली : पोरीचं तोंड बघणार नाही, नाव घेणार नाही, घरचं पाणी पाजणार नाही. राग पुढं दोन वर्षांतच विझला. शपथ मात्र राहिली. देवीपुढची शपथ, ती मोडायची कशी?

मग चुलतभाऊ केसरीनाथने बातमी आणली. हेमाली आता बॅटरीवरची रिक्षा चालवते. परवा चार्ज संपला म्हणून भर उन्हात अंजूर फाट्यावर गाडी ढकलत होती. तुळशीरामला त्या दिवशी जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी तो बायकोला म्हणाला, "आक्का, शपथेत पाणी होतं. लाईट नव्हती."

पत्रा लागल्यावर पाचव्या दिवशी तीनच्या सुमारास अंगणाच्या कडेला रिक्षा थांबली. तुळशीराम पडवीत होता. त्याने खुर्ची पेरूच्या झाडाकडे फिरवली आणि रिक्षाकडे पाठ केली. आक्का खिडकीतून हळूच म्हणाली, "तीच हाय."

तेव्हापासून रोज तसंच. रिक्षा यायची, प्लग लागल्याचा आवाज व्हायचा. हेमाली सीटवर बसून राहायची, आणि बाप पेरूची पानं मोजत बसायचा. दोघं एक शब्द बोलत नसत. चाळीसेक मिनिटांनी प्लग निघायचा. तुळशीरामला तेवढ्यानेही बरं वाटायचं. पोरीला आपलं काहीतरी पोचत होतं.

मधे एकदा ताप आला म्हणून तो आत पडून राहिला. त्या दिवशी रिक्षा दीड तास उभी होती. "मशीन ढिलं पडलं काय?" त्याच्या डोक्यात आलं. दुसऱ्या दिवशी रिक्षाचा प्लग लागल्यावर त्याने आक्काला विचारलं, "दिवा कंचा हाय बघ."

"हिरवा."

"निळा नाय झाला?"

"मी तर कदी निळा बघितलाच न्हाय."

म्हणजे इतके दिवस पोरगी येत होती आणि रिकामीच परत जात होती. बाराव्या वर्षी बापाने एक गोष्ट देऊ केली, तीही फुकट गेली. पुन्हा कुठल्या फाट्यावर गाडी ढकलत असेल! आज ना उद्या कंटाळून यायची बंद होईल. आणि खुर्ची फिरवून सांगायचीही सोय नाही.

त्याने विनिताला बोलावलं. ती आली तेव्हा तीन वाजायला पंधरा मिनिटं होती.

"ताई, तीनच्या आत नीट करून दे. हात जोडतो."

विनिताने घाम पुसला, डबा उघडला, तारा तपासल्या. तपासणीचा प्लग लावला. दिवा निळा झाला. काढला, हिरवा. पुन्हा लावला, पुन्हा निळा.

"मशीन ठणठणीत आहे."

"मग तिच्या गाडीला करंट का जात न्हाय?"

विनिताने मोबाईल मशीनला जोडला आणि आतल्या नोंदी वर सरकवत नेल्या. नाव कुठेच नव्हतं, नुसत्या वेळा होत्या. रोज तीन वाजता प्लग लागलेला, चाळीस मिनिटं. एके दिवशी नव्वद. करंट दर वेळी शून्य. तिने पडवीतल्या पाठमोऱ्या खुर्चीकडे बघितलं.

वाटेच्या तोंडाशी रिक्षा वळल्याचा आवाज आला. तुळशीराम घाईघाईने खुर्चीकडे निघाला.

"काका," विनिता म्हणाली, "ही गाडी रोज पूर्ण भरलेलीच येते."